गोल्फच्या राउंडला निघण्याआधी: कपडे, बूट आणि मोज्यांची दुसरी जोडी

गेल्या डिसेंबरात पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर सकाळी पावणेसातला आमचं टी ऑफ, म्हणजे पहिला फटका, होता. गवत दवाने पांढरं दिसत होतं. तिसऱ्या होलपर्यंत (पूर्ण राउंडमध्ये असे 18 टप्पे) माझे जाळीचे बूट चिंब झाले, सातव्यावर उजवी टाच चुरचुरायला लागली आणि अकराव्यावर बूट काढून बघितलं, तर रुपयाएवढा फोड फुटून मोज्याला चिकटला होता. बॅगेत दोन टोप्या होत्या, छत्री होती, मूठभर टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंट्या, होत्या. कोरडे मोजे नव्हते. राउंड तिथेच सोडावा लागला.

म्हणून आधी मोजेच. 18 होल चालत खेळलात तर चार-साडेचार तास जातात आणि सात-आठ किलोमीटर सहज होतात. ओल्या मोज्यात कातडी भिजून मऊ पडते, आणि मऊ कातडी घासली की लगेच सोलते. सुती मोजे तर पाणी धरूनच ठेवतात, टाचेखाली त्यांची वळकटी होते. पॉलिएस्टर-नायलॉनचे, टाचेला जाड विणीचे, घोट्याच्या वर येणारे घ्या. एक जोडी पायात, एक बॅगेत. बॅगेतली झिपच्या प्लास्टिक पिशवीत, कारण दवात आणि पावसात बॅगही भिजते. नवव्या होलनंतर चहाला थांबाल तेव्हाच बदला. चुरचुरायला लागल्यावर बदलून उपयोग नसतो, तोवर कातडी गेलेली असते.

कपड्यांचं सोपं आहे. कॉलरवाला टी-शर्ट, आत खोचलेला. साधी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची नीट शिवलेली शॉर्ट्स. जीन्स नको, बिनकॉलरचा टी-शर्ट नको, सहा खिशांची ढगळ शॉर्ट्स नको. पाहुणे म्हणून जात असाल तर आदल्या दिवशी क्लबला फोन करून नियम विचारा. ज्याने बोलावलंय त्याला फाटकावर अवघडल्यासारखं होऊ देऊ नका. टी-शर्ट घेताना दुकानातच दोन्ही हात जोडून स्विंगसारखे, म्हणजे फटक्याआधी नेतात तसे, मागे न्या. काखेत ओढलं किंवा खोचलेला शर्ट वर आला, तर तो परत ठेवा, रंग कितीही आवडलेला असो. आणि बायकांनो, पँटला किंवा स्कर्टला खरे खिसे आहेत का ते बघाच. नुसती शिवण घालून खिशाचा भास केलेला असतो, आणि टी, चेंडूची जागा दाखवायची चकती (मार्कर), एक जादा चेंडू ठेवायला जागाच नसते.

थंडीत सकाळी पूर्ण बाह्यांचं जाड जॅकेट खांद्यात अडकतं. बिनबाह्यांचं हाफ जॅकेट पुरे. नऊ वाजता ते अंगावर राहणार नाही, तेव्हा बॅगेत मावेल असं हवं. मार्च ते मेमध्ये उलट काळजी. फिकट रंग घाला, आणि टोपी मान-कान झाकणारी, गोल काठाची असू द्या. पुढे चोच असलेल्या टोपीने कपाळ वाचतं, मान भाजते. सनस्क्रीन घरून निघतानाच लावा, दोन तासांनी पुन्हा, आणि नंतर तळवे ओल्या टॉवेलने स्वच्छ पुसा. तेलकट हातात काठीची मूठ (ग्रिप) फिरते.

बूट. तळाला मऊ स्पाइक (टोकं) असलेले किंवा बिनस्पाइकचे. लोखंडी स्पाइक बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. नवे बूट थेट 18 होलला घालू नका, आधी आठवडाभर घरात आणि सरावाच्या मैदानावर (रेंजवर) वापरा. जुने बूट कपाटात वर्ष-दोन वर्षं पडून असतील तर आदल्या रात्री तळ दोन्ही हातांनी वाकवून, ओढून बघा. पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. वरून धड दिसतो आणि चालताना बिस्किटासारखा तुटून पडतो. आपल्या पावसाळ्यात कपाटही दमटच असतं. बूट कितीही चांगले, वॉटरप्रूफ असोत, वरून पाणी शिरतंच. म्हणजे मोजे. दुसरी जोडी. पिशवीत.

ग्लव्ह उजव्या हाताने खेळणाऱ्यांना डाव्या हातात, बोटांच्या टोकाशी सैल राहणार नाही असा घट्ट. घामाने भिजतो, म्हणून दोन न्या आणि आलटून-पालटून घाला. पुट करताना, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे ढकलताना, काढलात की सरळ करून ठेवा, चुरगळून खिशात कोंबू नका. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात वाळवलात तर चामडं पापडासारखं कडक होतं.

चेंडूवर मार्कर पेनाने स्वतःची खूण करा. दोघांचे चेंडू एकाच कंपनीचे आणि एकाच छापील आकड्याचे निघाले आणि तुमचा कुठला ते सांगता आलं नाही, तर तो हरवलेला धरतात. शोधायलाही 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात.

छोटा टॉवेल, चेंडू पडून गवतात झालेला खळगा (पिच) दुरुस्त करायचा काटा, पाणी. फोडासाठी पट्टी आणि चिकटपट्टी. मेमध्ये वळवाच्या पावसासाठी छत्री आणि पातळ रेनकोट. पण वीज चमकली की छत्री मिटून आत या, झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या बावधनसारख्या चढउताराच्या कोर्सवर पाणी जास्त न्या. बाकी कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, सांगेल.

मोजे ठेवले? पिशवी उघडून बघा, आठवणीवर जाऊ नका.

घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. आणि वापरलेली जोडी धुवायला टाकतानाच कपाटातून दुसरी काढून बॅगेत ठेवा. ही धुऊन वाळली की परत ठेवू, असं म्हणू नका. नोव्हेंबरमध्ये मी तसंच म्हटलं होतं.