जपानला एक्स्चेंजवर जाताय? न समजता 'हाय' (म्हणजे 'हो') म्हणू नका, आणि बाकीच्याही या चुका टाळा

मी क्योतोला एक वर्ष एक्स्चेंज स्टुडंट म्हणून राहून आले आणि आता पुण्यातून जायच्या तयारीत असलेली मुलंमुली सारखी विचारतात, जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन थ्री पातळी झालीय, पुरेल का? जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नसते हो. त्यामुळे एन थ्री असो की त्याच्या वरची एन टू, पहिल्या महिन्यात काउंटरवर सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडकते. समोरचा काय बोलला ते कळलेलं नसतं, परत विचारायला लाज वाटते, मागे रांग असते, आणि आपण मान हलवून 'हाय' म्हणून मोकळे होतो.

गप्पा मारताना जपानी माणसं मधेमधे हाय हाय म्हणतात ते 'ऐकतोय' या अर्थाने, आपण 'हं हं' करतो तसं. पण प्रश्नाला हाय म्हटलं की तो होकार झाला, विषय तिथेच संपतो.

माझं पेन्शनच्या बाबतीत असंच झालं. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसला जाऊन रेसिडेन्स कार्डावर पत्ता टाकून घ्यावा लागतो, ते केलं, हेल्थ इन्शुरन्स केला (हा काढावाच लागतो, मग डॉक्टरकडे साधारण 30 टक्केच भरावे लागतात), आणि तिसऱ्या खिडकीवर त्या बाई भराभर बोलत होत्या त्यातलं मला फक्त 'नेनकिन' म्हणजे पेन्शन एवढंच कळलं. मी हाय म्हटलं. त्या विचारत होत्या की कॉलेजचं आयकार्ड अजून मिळालं नाही ना, मग पेन्शनचा हप्ता पुढे ढकलायचा अर्ज नंतर येऊन कराल का. मी हो म्हणून घरी आले आणि गेलेच नाही, कारण असा काही अर्ज असतो हेच मला माहीत नव्हतं. पुढे घरी जाड पाकीट आलं, आत दर महिन्याच्या हप्त्याच्या स्लिपा, एकेक 17 हजार येनच्या आसपास. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

तुमच्याकडे असं पाकीट आलं तर घाबरू नका आणि ते कपाटातही टाकू नका. 20 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला तिथे पेन्शनमध्ये नाव घालावंच लागतं, पण स्टुडंटना हप्ता पुढे ढकलायची सोय आहे, तिला गाकुसेइ नोओफु तोकुरेइ म्हणतात. पाकीट, आयकार्ड आणि रेसिडेन्स कार्ड घेऊन वॉर्ड ऑफिसला जा, फॉर्म भरा. वर्ष एप्रिल ते मार्च धरतात, त्यामुळे सप्टेंबरला गेलात तर एप्रिलमध्ये परत अर्ज करावा लागतो, हे बरेच जण विसरतात.

हाय म्हणायची सवय मोडायला मला दोन गोष्टी कामी आल्या. एक म्हणजे 'काइते मोराएमासु का', लिहून द्याल का. कागदावर आलं की फोनमध्ये बघता येतं, आणि मला तरी कोणी नाही म्हटलं नाही. दुसरं, कळलेलं तेवढं परत म्हणून दाखवायचं, 'किन्योओबि देसु ने?', शुक्रवारी ना? चूक असेल तर समोरचा लगेच सुधारतो.

'दाइजोओबु देसु'चंही तसंच. पुस्तकात त्याचा अर्थ 'ठीक आहे' असा शिकवतात. दुकानात पिशवी हवी का विचारलं आणि तुम्ही 'चालेल' अशा अर्थाने दाइजोओबु देसु म्हणालात की पिशवी मिळत नाही, कारण तिथे त्याचा अर्थ 'नको, राहू दे' असा होतो. हवी असेल तर सरळ 'ओनेगाइ शिमासु' म्हणा.

आता कचरा. क्योतोत जाळायच्या कचऱ्याला महानगरपालिकेच्या पिवळ्याच पिशव्या लागतात, 45 लिटरची पिशवी 45 येनला, आणि ठरलेल्या दिवशी सकाळी 8 च्या आत बाहेर ठेवायचा. चुकीच्या पिशवीत ठेवलात तर गाडी निघून जाते आणि तुमची पिशवी स्टिकर लावून तिथेच पडून राहते, सगळ्या गल्लीला दिसते. माझी राहिली होती. शेजारच्या आजींनी मला हाक मारली, काही न बोलता पिशवीतून एक बाटली काढली, झाकण फिरवून वेगळं केलं, नखाने लेबलची कड उचलून ते सर्रकन सोललं, बाटली विसळल्याची खूण केली आणि पायाखाली चपटी केली. मग कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून असलेली निळी जाळी नीट ओढून तिच्या कडा पिशव्यांच्या खाली कशा खोचायच्या तेही दाखवलं. त्यानंतर आजींशी रोज बोलणं व्हायला लागलं आणि माझं जपानी जितकं तिथे सुधारलं तितकं वर्गात नाही सुधारलं. त्यामुळे पत्ता नोंदवायला जाल तेव्हाच कचऱ्याचं वेळापत्रक मागून घ्या, आणि शेजाऱ्यांना टाळू नका.

बोलण्यातल्या चुका मात्र आपल्या मराठी लोकांच्या खास आहेत. वाक्याची रचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी, त्यामुळे आपल्याला सोपं जातं आणि तिथेच गाफील राहतो. 'लायब्ररीत आहे' आणि 'लायब्ररीत अभ्यास करते', दोन्हीकडे आपला एकच 'त', पण जपानीत नुसतं असण्याला 'नि' आणि काम करण्याला 'दे'. 'तोशोकान नि इमासु', पण 'तोशोकान दे बेन्क्योओ शिमासु'. दुसरं म्हणजे कोणी हाक मारली की आपण 'आले आले!' म्हणतो, तर मी कित्येक दिवस 'किमासु', म्हणजे 'येते', म्हणत होते. तिथे आपण समोरच्याकडे जातो, म्हणून 'इमा इकिमासु', आत्ता जाते. गंमत म्हणजे घरातून निघताना ते 'इत्तेकिमासु' म्हणतात, ते तर शब्दशः आपलं 'जाऊन येते'!

आणि नोट्स देवनागरीत काढू नका, कळकळीने सांगते. आपल्या ओकाराला ऱ्हस्व दीर्घ नाही, त्यामुळे आखूड 'ओ'चा 'इथे' आणि लांब 'ओ'चा 'हायस्कूल' हे दोन्ही जपानी शब्द वहीत 'कोको' असेच उतरतात, आणि एकदा कानाला तसं बसलं की सुटता सुटत नाही. हिरागाना, म्हणजे जपानीची मूळ लिपी, पहिल्या दिवसापासून.

शाकाहारी असाल तर नुसतं 'निकु' (मांस) खात नाही म्हणून भागत नाही, कारण ते मांस बाजूला काढतील पण मिसो सूपमधला दाशि, म्हणजे सूपचा मूळ अर्क, बहुतेक वेळा माशाचाच असतो. 'निकु मो साकाना मो ताबेमासेन, कात्सुओ दाशि मो दामे देसु' (मांस, मासे खात नाही, माशाचा दाशिही चालत नाही) हे पाठच करा. क्योतोत देवळांजवळ शोओजिन र्‍योओरि मिळतं, म्हणजे बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण, त्यात दाशि कोंबु (समुद्री शेवाळ) आणि शिइताके (एक मशरूम) यांचा असतो, महाग आहे पण एकदा खाच.

सीनिअरने जाताना सायकल दिली तर खूश व्हा, पण नोंदणी आपल्या नावावर करून मगच चालवा. पोलिस थांबवून नंबर तपासतात, नाव दुसऱ्याचं निघालं तर चोरीची नाही हे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं, तेही जपानीत.

मिक्सर नेऊ नका, तिथे वीज 100 व्होल्टची, आपला चालत नाही. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात. आणि बऱ्याच खोल्यांमध्ये गॅस नसतो, इंडक्शन असतं, त्यावर अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, तेव्हा न्यायचाच असेल तर इंडक्शनचा तळ असलेला स्टीलचा छोटा कुकर न्या.