वर्तमानपत्राच्या शंकूपासून सोनिक बूमपर्यंत: हवेचा रोध गावातच कसा मोजावा

विमान वेगाने नेणे इतके महाग का पडते, याचे उत्तर हवेच्या रोधात, म्हणजेच ड्रॅगमध्ये आहे. तो मोजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जुने वर्तमानपत्र, खळ, मोजपट्टी आणि शाळेचे गच्चीवजा छत एवढे साहित्य विदर्भातल्या कोणत्याही गावात मिळते. हा प्रयोग सातवी-आठवीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावा, कारण सूत्र पाठ करण्याआधी ते डोळ्यांनी पाहिले तर ते कायमचे समजते.

वर्तमानपत्राच्या एकाच प्रकारच्या कागदातून 20 सेंटिमीटर व्यासाची पाच वर्तुळे कापावीत. प्रत्येकाला कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्यावी आणि चिरेच्या दोन्ही कडा बोटभर एकमेकींवर चढवून खळीने चिकटवाव्यात, म्हणजे उथळ शंकू तयार होतो. पाचही शंकूंत कागद सारखाच चढलेला असावा, कारण आकार बदलला की रोधही बदलतो. आता चार शंकू एकात एक घट्ट बसवावेत. या चौकडीचे वजन एकट्या शंकूच्या चौपट झाले, पण हवेला सामोरे जाणारे तोंड मात्र तेवढेच राहिले. सगळा प्रयोग या एका गोष्टीवर उभा आहे.

वेळ पहाटेची निवडावी. एप्रिल-मे महिन्यांत दहा वाजल्यानंतर वारा आणि वावटळी सुरू होतात आणि मग कागदाचा शंकू सरळ खाली येतच नाही. कठडा असलेल्या छतावरून एका मोठ्या माणसाने चौकडी जमिनीपासून 4 मीटर उंचीवर धरावी, खाली स्टुलावर उभ्या असलेल्या दुसऱ्याने एकटा शंकू 2 मीटरवर धरावा, दोघांनी टोक खाली ठेवावे आणि तिसऱ्याच्या इशाऱ्यावर एकदमच सोडावे. दोन्ही जवळजवळ एकाच क्षणी जमिनीला टेकतात. चौकडीला वेग धरायला थोडा अधिक वेळ लागत असल्यामुळे ती किंचित मागे राहते, तो प्रयोगातला दोष समजू नये.

याचा अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावा. शंकू स्थिर वेगाने पडत असतो तेव्हा हवेचा रोध त्याच्या वजनाइतका झालेला असतो. चौपट वजनाने वेग चौपट झाला नाही, दुप्पटच झाला; म्हणजे वेग दुप्पट केला की रोध चौपट होतो. इंजिनाला हा रोध दुप्पट वेगाने ढकलायचा असतो, म्हणून लागणारी शक्ती आठपट होते. आकाराचे महत्त्वही याच पद्धतीने पाहता येते: कागद अधिक चढवून निमुळता केलेला शंकू उथळ शंकूपेक्षा लवकर खाली येतो.

वेग दुप्पट तर रोध चौपट हा नियम ध्वनीच्या वेगाजवळ मात्र पुरेसा ठरत नाही, म्हणून पुढची पायरी ध्वनीचा वेग मोजण्याची. कपाशीची उलंगवाडी होऊन पऱ्हाट्या निघाल्या की वावरे मोकळी होतात. त्या वेळी धुऱ्याच्या एका टोकाला एकाने पितळी थाळी वाजवावी आणि साधारण 350 मीटरवरून दुसऱ्याने पाहावे. हात पडलेला दिसल्यावर सुमारे एका सेकंदाने आवाज येतो. हवा 45 अंशांना तापली असेल तर ध्वनी सेकंदाला सुमारे 357 मीटर जातो, 20 अंशांना 343 मीटर, आणि 11 किलोमीटर उंचीवरच्या उणे 56 अंशांच्या हवेत फक्त 295 मीटर. मॅक 1, म्हणजे त्या हवेतल्या ध्वनीइतका वेग, हा एकच ठरलेला आकडा नाही, ही बाब पुष्कळ शिकलेल्या माणसांच्याही लक्षात आलेली नसते.

विमानापुढची हवा बाजूला सरते, कारण दाबाची सूचना ध्वनीच्याच वेगाने पुढे पोहोचते. विमान त्या वेगाला गाठते तेव्हा सूचना पुढे जाऊच शकत नाही, दाब साचून आघाततरंग तयार होतात आणि रोध एकदम वाढतो. पोळ्याच्या दिवसांत आसूड ओढल्यावर जो कडाड आवाज होतो, तो याच जातीचा आहे: आसुडाचे टोक ध्वनीपेक्षा वेगाने जाते. मुलांनी तो दुरूनच ऐकावा, कारण टोक डोळ्याला लागले तर इजा कायमची होते.

14 ऑक्टोबर 1947 रोजी अमेरिकी वैमानिक चक येगर यांनी बेल एक्स-1 हे रॉकेट विमान मॅक 1.06 वर नेले आणि हा टप्पा प्रथम ओलांडला. रोध कमी कसा करावा हा प्रश्न मात्र उरलाच होता. अमेरिकेचे एफ-102 हे लढाऊ विमान पहिल्या रूपात सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग गाठू शकले नाही. अमेरिकी संशोधक रिचर्ड व्हिटकॉम्ब यांच्या नियमानुसार पंखांजवळ धड बारीक केल्यावर त्याचे सुधारलेले रूप 1954 मध्ये पलीकडे गेले. मला हा या विषयातला सर्वांत सुंदर धडा वाटतो, कारण येथे केवळ इंजिनाची ताकद वाढवून नव्हे, तर मुख्यतः छेदांचे क्षेत्रफळ नाकापासून शेपटीपर्यंत हळूहळू बदलेल असे करून काम झाले.

आत बसलेल्याला यातले फार थोडे जाणवते. 1976 ते 2003 या काळात प्रवासी नेणाऱ्या कॉनकॉर्डमध्ये आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) लागताना पाठीला हलका रेटा बसे, मॅक 1.7 नंतर ते बंद होत आणि विमान त्यांच्याशिवाय मॅक 2 वर चालत राही. सोनिक बूम, म्हणजे आघाततरंग जमिनीवर पोहोचल्यावर होणारा स्फोटासारखा आवाज, आत कधीच ऐकू येत नसे, कारण तो तरंग विमानाच्या मागे पसरतो. खिडकी मात्र हाताला कोमट लागे. नाकाचे तापमान सुमारे 127 अंशांपर्यंत जाई आणि तापून धडाची लांबी काही सेंटिमीटरने वाढे.

शेवटचे मोजमाप निरभ्र दिवशी अंगणातून करावे. डोक्यावरून उंच विमान गेले की डोळे मिटून कान द्यावा आणि आवाज अगदी माथ्यावरून येतो असे वाटताच डोळे उघडून विमान शोधावे. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे 10 अंश व्यापते. नेहमीचे प्रवासी विमान त्या क्षणी माथ्यापासून जवळपास चार मुठी पुढे गेलेले दिसते. मॅक 2 वर 18 किलोमीटर उंचीवरून जाणारे विमान, त्याचा दुहेरी धमाका आपल्यापर्यंत येईपर्यंत, सुमारे 31 किलोमीटर पुढे, म्हणजे माथ्यापासून सहा मुठींवर असेल आणि त्या धमाक्याआधी त्याचा कसलाही आवाज आलेला नसेल.