त्वचेच्या गाठीची एफएनएसी: सुई सोपी, स्लाइड अवघड

त्वचेवरच्या गाठीतून बारीक सुईने पेशी काढून करायची तपासणी (एफएनएसी) पाच मिनिटांत उरकते. बिघडते ती बहुतेक वेळा स्लाइडवर.

२३ ते २५ गेजची सुई आणि १० मिलीची सिरिंज पुरते. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, नाहीतर जास्त झोंबतं. गाठ अंगठा-तर्जनीत घट्ट धरून सुई तिरकी घाला. सरळ घातली तर लहान गाठ पार करून ती चरबीत शिरते. सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीत भुलीचं इंजेक्शन देऊ नका, गाठच हाताला लागेनाशी होते. तिथे सिरिंजही नको. नुसती सुई धरून मागे-पुढे करा, रक्तही कमी येतं. हबमध्ये, म्हणजे सुईच्या मागच्या रुंद टोकात, रक्त दिसलं की थांबा. सिरिंज लावली असेल तर सुई काढण्याआधी दट्ट्या सोडा. विसरलात तर गाठीतून आलेला सगळा ऐवज सिरिंजमध्ये ओढला जातो.

हा ऐवज दोन स्लाइडवर पसरा. एक स्लाइड लगेच, दोन-तीन सेकंदांत, ९५ टक्के इथाइल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि किमान १५ मिनिटं ठेवा. ही पॅप रंगासाठी. दुसरी हवेत वाळवून गिम्सा रंगासाठी. पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी पहिली स्लाइड हातातच वाळते, केंद्रकं फुगीर आणि पुसट दिसतात. अल्कोहोलचं झाकण आधीच उघडून ठेवा. जुलैत उलटं: दुसरी वाळता वाळत नाही आणि पेशी आक्रसतात. पंख्याखाली धरा.

आता वाचन. बेसल सेल कार्सिनोमात (त्वचेचा एक कॅन्सर) लहान, गडद पेशींचे घट्ट पुंजके दिसतात, कडेच्या पेशी ओळीत उभ्या. खरा चकवा पायलोमॅट्रिक्सोमाचा, म्हणजे केसाच्या मुळातून येणाऱ्या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठीचा. मुलाच्या मानेवर किंवा चेहऱ्यावर कडक गाठ, स्लाइडवर तशाच गडद पेशी, आणि घाईत रिपोर्टवर कॅन्सर! केंद्रक नसलेल्या 'भुताळ' पेशी, महाकाय पेशी, कॅल्शियम शोधा. वय आणि जागा अर्जावर हवीच.

‘सुई लावल्यावर गाठ पसरेल का हो?’ हे रुग्ण विचारतातच. इतक्या बारीक सुईने तसं होणं अत्यंत दुर्मीळ, हे स्पष्ट सांगा.

मेलॅनोमाची (रंगपेशींच्या कॅन्सरची) शंका असलेल्या मूळ काळ्या डागात मात्र सुई नको. तिथे ट्यूमरची जाडी मोजायची असते आणि ती एक्सिजन बायोप्सीतच, म्हणजे अख्खा डाग कापून तपासल्यावरच, कळते. त्याच रुग्णाच्या काखेत गाठ आली, तर सुई जरूर घाला आणि उरलेला ऐवज सेल ब्लॉकसाठी (पेशी मेणात बसवून काप घेण्यासाठी) ठेवा, त्यावर मेलॅनोमा ओळखणारी एचएमबी-४५ ही चाचणी करता येते.