वाड्यावर डेंगूचे दोन पेशंट निघाले की आधी हे करा

गोव्यात एकाच वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीत, पंधरा दिवसांत दोघांना डेंगू निघाला की सगळे पंचायतीकडे फॉगिंग मागायला धावतात. मागा, पण धुराने फक्त उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काहीच होत नाही आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास तयार. खरं काम डास कुठे वाढतायत ते शोधायचं आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच कळवा आणि त्यांच्यासोबतच ताप आलेल्यांची यादी करा. नाव, वय, ताप कुठल्या तारखेला चढला, टेस्ट कधीची (पहिल्या पाच दिवसांत रक्तात विषाणूचा अंश शोधणारी एनएसवन, त्यानंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम), आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताप यायच्या आधीचे 4 ते 10 दिवस माणूस दिवसभर कुठे होता. हेच विचारायचं राहतं. डेंगू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि काळोख पडायच्या आधी जास्त, त्यामुळे पेशंट राहतो डिचोलीला आणि कामाला म्हापशाच्या बांधकामावर, तर त्याच्या घराभोवती शोधून कदाचित काहीच मिळणार नाही. शाळा, दुकान, साइट सगळं विचारा. आणि कृपा करून ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, लोक मग ताप लपवतात, रोजंदारीवरचे तर काम जाईल म्हणून हमखास.

मग कागदावर वाड्याचा साधा नकाशा काढून पेशंटांची घरं आणि कामाच्या जागा खुणा करा. एडिस सहसा शंभर-दोनशे मीटरपलीकडे जात नाही, म्हणून खुणा जिथे जवळजवळ पडतात तिथूनच सुरू करा.

टॉर्च घ्या आणि घरोघरी फिरा. पिंपं, स्लॅबवरची उघडी टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, भंगारवाल्याकडचे टायर, पावसासाठी बांधलेल्या ताडपत्रीच्या घड्या, माडाखालच्या करवंट्या, सत्तरी-सांगेकडे रबराच्या झाडांना लावलेल्या वाट्या. डास गटारातच होतात असं समजून लोक गटाराकडेच बघत बसतात, पण एडिसला स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं. बंद घरं सोडू नका, मालक मुंबईला नाहीतर परदेशात आणि घर उघडणार थेट गणेश चवथीला, तोपर्यंत पावसाचे तीन महिने पाणी तिथेच. शेजाऱ्याकडे चावी असते, पंचांना सोबत घेऊन जा.

अळ्या मिळालेली प्रत्येक जागा मोजा. 50 घरांत अशी 10 भांडी मिळाली तर 100 घरांमागे 20, याला ब्रेटो इंडेक्स म्हणतात. पुढच्या आठवड्यात परत मोजा, आकडा उतरला नाही तर काहीतरी नजरेतून सुटतंय.

नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहून महिनोन्महिने टिकतात, पाणी भरलं की परत अळ्या. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप ब्रशने घासायचंच, मग घट्ट झाकण. विहिरीत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायला आरोग्य केंद्रात विचारा.

पेशंटला पहिले पाच-सहा दिवस दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा, त्याला चावलेला डास साधारण 8 ते 12 दिवसांनी दुसऱ्यांना आजार देऊ शकतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नको. ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही, तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती दिसली तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल.

शेवटच्या पेशंटनंतर निदान महिनाभर तरी दर आठवड्याची फेरी बंद करू नका.