जुन्या पियानो आवृत्त्या ताडून पाहताना या चुका टाळा

संगीतकार शोपँच्या २४ प्रेल्यूड्स म्हणजे पियानोच्या छोट्या रचना (ओपस २८) १८३९ मध्ये पॅरिस, लाइपझिग आणि लंडन अशा तीन ठिकाणी छापून निघाल्या. एका देशातला प्रकाशनाचा हक्क दुसऱ्या देशात चालत नसे, म्हणून तिन्हीकडे वेगळा प्रकाशक. आता समजा, एखाद्या सुरावर पॅरिस आणि लंडन दोन्हीकडे स्टॅकाटोचा (सूर तोडून, आखूड वाजवण्याचा) ठिपका आहे, लाइपझिगमध्ये नाही. बहुतेक विद्यार्थी 'दोन विरुद्ध एक' असा हिशेब करून ठिपका ठेवतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लंडनचा प्रकाशक वेसेल याने पॅरिसचा प्रकाशक कॅटलँ याची आवृत्ती समोर ठेवून काम केलं. त्याची साक्ष स्वतंत्र नाहीच. पॅरिसचा छाप शोपँच्या स्वतःच्या हस्तलिखितावरून झाला, तर लाइपझिगचा छाप शोपँचा मित्र फोंताना याने केलेल्या नकलेवरून. म्हणजे ठिपका फोंतानाकडून सुटला असेल, लाइपझिगच्या प्लेट कोरणाऱ्या कारागिराकडून सुटला असेल, नाहीतर पॅरिसमध्ये जादा पडला असेल. ते हस्तलिखित आज वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आधी तिथे काय आहे ते पाहा. आवृत्त्यांची मतं मोजू नका, कोण कोणावरून उतरलं याची वंशावळ लावा.

याच्या उलट टोकाची समजूत म्हणजे जी सर्वांत आधी छापली तीच खरी. बेथोवनच्या ओपस ३१ मधल्या पहिल्या दोन सोनाटा झुरिकचा प्रकाशक नेगेली याने १८०३ मध्ये छापल्या, त्या इतक्या चुकांसकट की बेथोवन संतापला. त्याचा शिष्य रीस याने चुकांची यादी करून ती बॉनचा प्रकाशक झिमरॉक याच्याकडे पाठवली आणि झिमरॉकने सुधारलेली आवृत्ती काढली. इथे नंतरचा छाप जास्त विश्वासाचा.

स्लरच्या, म्हणजे सूर जोडून वाजवायला सांगणाऱ्या कमानीच्या बाबतीत घाई अजिबात नको. सुरांची डोकी ठशाने ठोकली जात, पण स्लरची कमान कारागीर धातूच्या प्लेटवर हाताने कोरायचा, तीही उलटी. त्यामुळे कमान अर्ध्या सुराने अलीकडे-पलीकडे सरकणं नेहमीचंच. त्यात ओळ कुठे तुटते हे प्रत्येक आवृत्तीत वेगळं. ओळीच्या शेवटी कमान समासाकडे उघडी राहते आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला तिचा उरलेला भाग कोरायचा राहून जातो. दुसऱ्या आवृत्तीत तेच माप (दोन उभ्या रेषांमधला भाग, बार) ओळीच्या मधोमध येतं आणि कमान अखंड दिसते. हा पाठभेद नव्हे, पानाच्या मांडणीचा परिणाम. म्हणून फरक टिपताना मापाच्या क्रमांकासोबत 'ओळीचा शेवट' अशी नोंद हवीच.

शोपँच्या हस्तलिखितात अ‍ॅक्सेंटचं (सुरावर जोर देण्याचं, > असं) चिन्ह पुष्कळदा लांबट असतं. कारागिराने कधी त्याचा आखूड अ‍ॅक्सेंट केला, कधी डिमिन्युएंडोची, म्हणजे आवाज हळूहळू कमी करण्याची लांब निमुळती खूण. दोन आवृत्त्यांत अशी वेगवेगळी चिन्हं दिसली, तर मुळात एकच चिन्ह असण्याची शक्यता आधी तपासा.

प्लेटचा क्रमांक (प्रकाशकाने प्लेटवर कोरलेला, पानावर छापून येणारा आकडा) जुळला म्हणजे छापही तोच, असं समजू नका. प्लेटची मागची बाजू ठोकून जुनं चिन्ह बुजवत आणि त्या जागी नवं कोरत. क्रमांक तसाच राही. जुन्या चिन्हाची पुसट खूण कधीकधी छापात दिसते. ती पाहायची असेल तर निव्वळ काळं-पांढरं स्कॅन कामाचं नाही. त्यात फिके ठिपके उडतात आणि कागदावरचा डाग मात्र ठिपका होऊन बसतो. संशयाच्या जागी ग्रंथालयाचं रंगीत स्कॅन उघडा, शक्यतो दोन वेगवेगळ्या प्रतींचं.

सुरावरचं स्टॅकाटोचं चिन्ह ठिपका की छोटी उभी रेघ हा वाद मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. बेथोवनने १८२५ मध्ये त्याचा सहायक कार्ल होल्त्स याला, एका चौकडीच्या (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेच्या) नकला तयार होत असताना, ही दोन चिन्हं एक नव्हेत असं बजावलं होतं. पण त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात ती सहज वेगळी काढता येत नाहीत आणि छापताना दोन्हींसाठी एकच चिन्ह वापरलं जाणंही सर्रास होतं. म्हणून आधी त्या आवृत्तीची सगळी पानं चाळा. दोन्ही चिन्हं कुठेच एकत्र आढळली नाहीत, तर त्या आवृत्तीच्या आधारे ठिपका की रेघ हे ठरवता येणार नाही.