पडद्यावरचे शून्य: पंप बंद की तार तुटलेली?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील पंपाचा दाब घरून मोबाईलवर पाहताना शून्य दिसले, तर पंप बंद पडला की ट्रान्समीटरची (दाब मोजून तो विद्युत प्रवाहाच्या रूपात पाठवणाऱ्या उपकरणाची) तार निसटली हे कळत नाही आणि रात्री दोन वाजता स्कूटर काढावी लागते.

४ ते २० मिलिअँपिअरच्या ट्रान्समीटरमध्ये खरा शून्य दाब म्हणजे ४ मिलिअँपिअर; तार तुटल्यास प्रवाहच शून्य होतो. परंतु पुष्कळदा सेटिंगमध्ये ४ मिलिअँपिअरखालचे उणे आकडे शून्यावर रोखलेले असल्यामुळे दोन्ही स्थिती सारख्याच दिसतात.

१. हे बंधन काढून टाकावे. त्यानंतर ० ते १० बारच्या ट्रान्समीटरची तार निसटल्यास पडद्यावर उणे २.५ बार दिसेल. असा दाब प्रत्यक्षात शक्यच नाही. (मात्र हा प्रवाह वाचणारे इनपुट कार्ड ४ मिलिअँपिअरच्या खाली मोजणारे हवे.)
२. ३.६ मिलिअँपिअरखाली, म्हणजे उणे ०.२५ बारखाली, ‘तार तपासा’ असा स्वतंत्र अलार्म ठेवावा.
३. जंक्शन बॉक्समधील (तारा जोडलेल्या पेटीतील) ट्रान्समीटरची एक तार सुटी करून हा अलार्म येतो याची खात्री करावी.

तार सुटी करण्यापूर्वी कमी दाबाचा इंटरलॉक (दाब कमी होताच पंप आपोआप बंद करणारी व्यवस्था) पर्यवेक्षकाला सांगून बायपास, म्हणजे तात्पुरता निष्क्रिय, करावा, अन्यथा चालू पंप ट्रिप होईल. आणि काम संपताच तो आठवणीने पूर्ववत करावा.