जुने पाइप दुरुस्त करायचे की बदलायचे: पाना लावण्याआधीची तयारी

घरातले जुने जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप बदलायचे की आणखी काही वर्षं डागडुजीवर काढायची, हा निर्णय प्लंबर दारात उभा असताना घ्यायचा नसतो. त्याला उरकून पुढच्या कामाला जायचं असतं, तुम्हाला पाणी हवं असतं, आणि अशा घाईत भलतंच ठरतं. १९८०-९० च्या दशकात बांधलेली सोसायटी, गच्चीवर सामाईक टाकी, भिंतीत गाडलेले लोखंडी पाइप, अशा फ्लॅटसाठी ही यादी आहे. ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक, रचना साधारण सगळीकडे हीच.

सगळ्यात आधी गच्चीवर जा आणि आपल्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. दर विचारण्याआधी, टाइल बघायला जाण्याआधी, कोणालाही फोन करण्याआधी. गेल्या वेळी आमच्याकडून नेमकं हेच राहिलं. पाइप कापल्यावर कळलं की वरचा व्हॉल्व्ह पाणी अडवतच नाही. मग टाकी रिकामी करण्यावाचून मार्ग उरला नाही, आणि त्या टाकीवरची सगळी घरं दिवसभर कोरडी राहिली. त्यातल्या एका घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी होत्या.

जुना गेट व्हॉल्व्ह फसवा असतो. वरचं चाक गरगर फिरतं, घट्टही होतं, पण पाणी अडवणारी आतली पाचर झिजलेली किंवा स्पिंडलपासून (चाकाखालच्या दांडीपासून) सुटलेली असते. म्हणून चाक फिरलं एवढ्यावर समाधान मानू नका. व्हॉल्व्ह बंद करा, खाली येऊन बाथरूममधला सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण उभ्या पाइपात साठलेलं पाणी आधी निघून जायला वेळ लागतो. धार थांबली, थेंबही थांबले, तर व्हॉल्व्ह चांगला. करंगळीएवढी बारीक धार चालूच राहिली तर तो व्हॉल्व्ह गेला. ‘एवढ्याने काय होतंय’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. नवा पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा; त्याचा जोड सोल्व्हंट सिमेंटने (प्लास्टिक चिकटवायच्या द्रावाने) बसतो आणि ओल्या पाइपावर तो धरत नाही. चाक जाम असेल तर मोठा पाना लावून जोर करू नका. स्पिंडल तुटला तर व्हॉल्व्ह ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत अडकतो.

आणि एका फ्लॅटला एकच व्हॉल्व्ह असतो हेही गृहीत धरू नका. स्वयंपाकघराची लाइन एका पाइपावरून, बाथरूमची दुसऱ्यावरून, फ्लशची बोअरच्या टाकीवरून, असं सर्रास असतं. एकेक बंद करून घरातला कोणता नळ थांबतो ते बघा, शेजारी कोणाकोणाचं पाणी गेलं ते विचारा, आणि ऑइलपेंटने व्हॉल्व्हजवळ नंबर टाका. वॉचमनच्या माहितीवर विसंबू नका. तो बदलतो, आणि माहिती त्याच्याबरोबर जाते.

व्हॉल्व्ह मेलेला निघाला तर तुमचं पहिलं काम तोच बदलणं. सोसायटीच्या टाकीच्या सफाईचा दिवस यासाठी सर्वांत सोयीचा, कारण टाकी तशीही रिकामी असते आणि पाणी नसणार हे सगळ्यांना माहीत असतं. जागी बॉल व्हॉल्व्ह लावा. दांडी पाइपाला आडवी म्हणजे बंद, पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू. दिसतं तेच खरं.

आता मूळ प्रश्न. पाणी कमी येतंय म्हणून पाइप बदलायला निघालेले निम्मे लोक नळाची जाळी काढून बघत नाहीत. जाळी काढा, गंजाचे कण आणि क्षार झटका, पुन्हा लावा. एकाच नळाला पाणी कमी असेल तर दोष त्या नळात किंवा त्याच्या कॉकमध्ये. सगळ्याच नळांना कमी आणि वर्षागणिक आणखी कमी होत चाललेलं असेल, तर पाइप आतून भरत आलेत. जीआय पाइपावरचा जस्ताचा थर झिजला की लोखंड गंजतं, गंजाच्या गाठी आत वाढतात, आणि अर्ध्या इंची पाइपात पेन्सिल जाईल एवढंच भोक उरतं. तुमच्याच लाइनीतल्या कोणी पाइप बदलले असतील तर त्यांचा कापलेला तुकडा मागून बघा. सगळे तर्क तिथे संपतात. एक अपवाद: सगळ्यात वरचा मजला. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर मिळतं. टाकीचा तळ तुमच्या नळापेक्षा तीनच मीटर वर असेल तर नवेकोरे पाइप टाकूनही शॉवर जोरात येणार नाही. तिथे प्रेशर पंपाचा विचार करा, भिंती फोडण्याचा नाही.

लाल पाण्याचं असं बघा: सकाळच्या पहिल्या पाण्याचा रंग बघायचा, एकेका नळाखाली पांढरी वाटी धरून. फक्त गरम पाण्याच्या नळाला लाल असेल तर गीझरची टाकी तपासा. सगळीकडे लाल असेल आणि शेजाऱ्यांकडे नसेल तर तुमचे पाइप. शेजाऱ्यांकडेही असेल तर सामाईक लाइन किंवा टाकी, म्हणजे सोसायटीचं काम.

ओल ओळखायला घाई करू नका. ती रोज, चोवीस तास तशीच राहते का? मग पाणी आणणारा पाइप. आंघोळीनंतर वाढते आणि गावाला जाऊन आलं की सुकलेली दिसते? मग सांडपाण्याची बाजू: नहाणी ट्रॅप, टाइलच्या फटी, कोबा. फक्त पावसाळ्यात? मग बाहेरची भिंत, आणि प्लंबरचा काही संबंध नाही. खात्री हवी असेल तर रात्री व्हॉल्व्ह बंद करून झोपा (तो धरतो हे आधी तपासलेलं असेल तरच या चाचणीला अर्थ आहे), ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारा, आणि दोन-तीन रात्री हे केल्यावर रेघेच्या आत सुकतंय का बघा. फ्लशच्या टाकीत नीळ घालून अर्धा तास थांबा. फ्लश न करता भांड्यात निळं उतरलं तर आतला वॉशर गळतोय, एवढंच.

यावरून निवाडा कसा करायचा? माझं मत ठाम आहे. ड्रिल किंवा खिळा लागला, एखादा नळ बदलताना एल्बो (कोपऱ्यावरचा जोड) हलला, म्हणजे कारण बाहेरचं आहे: दुरुस्त करा, निश्चिंत राहा. पण कोणी हात न लावता आट्यांपाशी गळती सुरू झाली तर सावध व्हा. आटे पाडताना पाइपाची भिंत तिथे पातळ होते, म्हणून म्हातारा पाइप आधी तिथेच फुटतो. एक आटा गेला की बाकीचे त्याच वयाचे असतात. एकाच लाइनीवर दुसऱ्या जागी पुन्हा गळती आली की दुरुस्ती थांबवा आणि पूर्ण लाइन बदला. तिसऱ्या एमसीलवर पैसे घालू नका. बाथरूमची टाइल कोणत्याही कारणाने निघणार असेल, तर आतला जीआय चांगला दिसत असला तरी काढा. चांगल्या टाइलमागे जुना पाइप ठेवणं ही या कामातली सर्वांत महाग काटकसर आहे.

पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील तर मात्र हिशेब उलटा. दोन-तीन वर्षांत इमारत पडणार असेल तर भिंतीतली जुनी लाइन दोन्ही टोकांना बुच मारून मेलेली सोडा आणि नवा पाइप भिंतीवरून उघडा फिरवा. दिसायला बरा दिसत नाही, पण टाइल वाचते आणि गळलं तर डोळ्यांना दिसतं. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) झालं असेल तर अहवालातलं गळतीचं पान वाचा. मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींना ते बंधनकारक आहे, आणि अहवाल सोसायटीच्या कपाटात न वाचता पडून असतो.

सांडपाण्याच्या बिडाच्या पाइपांबद्दल थोडक्यात. ते बहुधा भिंतीच्या बाजूने, मागून चिरतात, म्हणून खालून बघून धडधाकट वाटतात. जोडापाशी पिंपळाचं रोप उगवलं असेल तर तिथे ओल मुरतेय हे नक्की. रोप उपटून उपयोग नाही. जुन्या इमारतीत करड्या सिमेंटचे पाइप असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यावर ग्राइंडर चालवू देऊ नका. धूळ फुप्फुसात जाते.

साहित्य. गरम पाण्याला यूपीव्हीसी (साधा प्लास्टिकचा पाइप) नको, तो उष्णतेने मऊ पडतो; सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी बनतो. पाइपावर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचा. सोल्व्हंट सिमेंटच्या डब्यावरची तारीख बघा, आणि आधीच्या कामावरचा घट्ट झालेला अर्धा डबा आणला तर परत पाठवा. जुन्या जीआयला नवा पाइप जोडताना पितळी आट्यांचंच फिटिंग हवं. प्लास्टिकचे आटे लोखंडावर आवळले की चिरतात. जीआयच्या आट्यांवर ताग आणि सफेदा (तेलातला पांढरा लेप) चालायचा. सीपीव्हीसीच्या आट्यांना सफेदा लावू नका, तेलकट लेपाने ते प्लास्टिक तडकतं. टेफ्लॉन टेप पुरे. जुन्या सवयीचा प्लंबर हे हमखास विसरतो, तेव्हा जवळ उभे राहा. घरात पाइप शिरतो तिथे स्वतःचा बॉल व्हॉल्व्ह घ्या, हात पोचेल अशा उंचीवर, टाइलमागे नाही. पुढच्या वेळी गच्चीवर जावं लागू नये यासाठी हा एकच खर्च सर्वांत शहाणपणाचा.

परवानगी लेखी घ्या. बाहेरची सामाईक पाइपलाइन, पंप आणि टाक्या सोसायटीच्या खर्चाच्या, घरातल्या सिंक-संडासाची गळती सभासदाच्या, अशी विभागणी आदर्श उपविधींत (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांत) आहे. वाद होण्याआधी सचिवांना ते पान दाखवा. खालच्या मजल्यावरच्यांना स्वतः जाऊन भेटा आणि त्यांच्या छताचे फोटो त्यांच्यासमोर काढा. तुमच्या कामाचा त्रास त्यांनाच होणार आहे. मे महिना टाळा, पाणीकपात असते. जूनच्या मध्यावर कामाची तारीख घेत असाल तर विचारून घ्या: पुण्या-मुंबईतले कित्येक प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याकडचे आहेत, आणि त्या सुमाराला त्यांचा रज सण असतो.

आदल्या दिवशी: पाणी भरून ठेवा, हे सांगायला नको. लाइनीतल्या सगळ्या घरांना वेळ सांगा, जिन्यात चिठ्ठी लावा, आणि आजारी माणूस असेल त्या घरी दोन बादल्या जास्त भरल्यात ना ते बघा. गच्चीची किल्ली कोणाकडे आहे? ती संध्याकाळीच ताब्यात घ्या. आणि व्हॉल्व्ह पुन्हा एकदा बंद करून, खालचा नळ उघडून बघा. महिन्यापूर्वी धरत होता म्हणजे उद्या धरेलच असं नाही.

कामाच्या सकाळी व्हॉल्व्ह बंद, सगळ्यात खालचा नळ उघडा, थेंब थांबले, मगच पाइपाला करवत. प्लंबर ‘चालेल’ म्हणाला तरी थेंब थांबल्याशिवाय नाही. गीझरचा स्विच बंद, नुसता गीझरवरचा नव्हे, बोर्डावरचाही.

भिंतीत पाइप बसला की प्लॅस्टर करू देऊ नका. जोडांचं सोल्व्हंट सिमेंट सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या, गीझर आणि फ्लशची टाकी सोडवून तोंडांना बुच लावा, प्रेशर तपासायच्या हातपंपाने साधारण १० किलो प्रेशर चढवून तासभर त्यावरचा काटा बघा. काटा उतरला तर जोड शोधा. प्लंबरकडे पंप नसेल तर भाड्याने मिळतो. पंप नाही म्हणून चाचणी सोडायची नाही. उघड्या भिंतींचे फोटो मेजरटेप धरून काढा, पुढे खिळा ठोकताना लागतील. जमीन फोडली असेल तर कोब्यानंतर बाथरूममध्ये पाणी तुंबवून दोन दिवस ठेवा आणि खालच्यांचं छत बघा.

मग प्लॅस्टर, टाइल, नेहमीसारखं. पाणी सोडताना व्हॉल्व्ह हळू उघडा, नळांच्या जाळ्या काढून ठेवा, कचरा वाहून जाऊ द्या. गरम नळातून पाण्याची सलग धार आल्यावरच गीझर लावा. जुने पाइप भंगारवाला वजनावर घेतो. एक तुकडा उभा कापून सोसायटीच्या सभेत न्या, सामाईक लाइनीचा विषय तिथे लवकर मंजूर होतो. गच्चीवर नवा नंबर रंगवून या.